रंगीत फडके म्हणजे संरक्षण नव्हे

पावसाळी रात्री वापी-सिल्वासा मार्गावर खड्डे बुजविणारा मजूर मोटारचालकास किती अंतरावरून दिसतो, यावर त्या मजुराचा प्राण अवलंबून असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. दोन सेकंदांचा उशीर म्हणजे 33 मीटर! यावर ठेकेदार म्हणतात, ‘आम्ही जाकिटे दिली आहेत.’ आमचा सवाल एवढाच की, कसली दिली आहेत?

जाकिटाचा पिवळा वा नारिंगी रंग दिवसाउजेडीच प्रखर भासतो. रात्री तो निस्तेज होतो. रात्रीचे रक्षण करते ती परावर्तक पट्टी. तिच्यातील सूक्ष्म काचमणी दिव्याचा झोत आला त्याच दिशेस परत धाडतात. 1964 साली ग्लासगोच्या रेल्वेमार्गावर कामगारांना अशा प्रखर नारिंगी जाकिटांची प्रथम चाचणी दिली गेली, तेव्हा त्यांना ‘काजवे’ हे नाव पडले. आमच्याकडील काजवे मात्र अनेकदा बिनउजेडाचेच असतात. कारण बाजारात मिळणारी प्रत्येक चकाकती फीत परावर्तक असतेच असे नाही.

याविषयी नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. भारतीय मानक 15809 याच वस्त्रांसाठी आहे. आयएसओ 20471 या जागतिक मानकात तीन वर्ग असून, सर्वोच्च वर्गास किमान 0.80 चौरस मीटर प्रखर कापड व 0.20 चौरस मीटर परावर्तक पट्टी लागते; पट्टीची रुंदी 50 मिलिमीटरहून कमी चालत नाही. या वर्गात धड झाकले जाऊन शिवाय बाह्या किंवा पायघोळ विजारही पट्टीसह हवी. तेव्हा नुसते बिनबाह्यांचे जाकीट त्या वर्गात बसूच शकत नाही. धुण्यानेही तेज घटते. म्हणून किती धुण्यांपर्यंत वस्त्र टिकेल, हे त्याच्या चिठ्ठीवर पाहावे लागते.

अशी वस्त्रे बहुधा पॉलिएस्टरचीच असतात, आणि पॉलिएस्टर सुतासाठी तर सिल्वासा परिसर ख्यातनाम! जेथे सूत निघते तेथील वारली, मराठी वा परप्रांतीय मजुराने मळके, पट्टी सुटलेले फडके पांघरून रस्त्यावर उभे राहावे, ही विसंगती लाजिरवाणी नव्हे काय?

जाकिटाने उकडते म्हणून मजूरच ते काढून ठेवतात, असा बचाव केला जातो. मग जाळीदार कापडाचे द्या! खर्चाची सबब तर मुळीच चालणार नाही. सुरक्षिततेच्या साधनांचा खर्च कामगाराकडून वसूल करू नये, असे 2020 ची व्यावसायिक सुरक्षितता संहिता सांगते.

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रशासनाने प्रत्येक निविदेत मानकाचा क्रमांक व वर्ग लिहावा, मानकचिन्हाविना माल घेऊ नये आणि झिजलेले वस्त्र बदलून देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकावी. नागरिकांनीही स्वस्थ बसू नये. अंधारात बॅटरी डोळ्याशेजारी धरून काही पावलांवरून पट्टीवर झोत टाका. पट्टी लखलखली नाही, तर ते जाकीट नव्हे, फसवणूक आहे. आणि तिची किंमत ठेकेदार नव्हे, मजुराचे घरदार मोजते.