भिंतीवरचे फार्मासिस्ट

फार्मसी शिकलेल्यांसाठी काम आहे. पण कायद्याने त्यांच्यासाठी राखलेल्या जागा भाड्याच्या प्रमाणपत्रांनी अडवल्या आहेत आणि हजेरीशिवाय चालणारी महाविद्यालये अशा प्रमाणपत्रांचा पुरवठा करत आहेत.

बारावीचा आणि पाठोपाठ सीईटीचा निकाल लागला, की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकाच प्रश्नावर खल सुरू होतो. नीटमध्ये सरकारी एमबीबीएसपुरते गुण पडलेले नाहीत, खासगी महाविद्यालयाचे शुल्क झेपणारे नाही आणि इंजिनीअरिंगकडे ओढा नाही. मग फार्मसी घ्यायची का? नात्यातले कुणी धीर देते, ‘काही नाही तर स्वत:चे मेडिकल तरी टाकता येईल.’ दुसरे कुणी शेजारच्या मुलाचा दाखला देते, जो बी.फार्म होऊनही घरी बसून आहे. आईवडिलांचा गोंधळ उडतो, कारण दोघेही खरे बोलत असतात. औषधांच्या क्षेत्रात काम भरपूर आहे. मात्र ते काम नीट शिकलेल्या माणसाच्या हाती पडणारच नाही, अशी व्यवस्था आपण उभी करून ठेवली आहे. त्याचे खापर मुलांच्या कुवतीवर फोडून चालणार नाही.

आधी कामाचे पाहू. औषध उत्पादनात आकारमानाच्या हिशेबाने भारत जगात तिसरा आहे आणि जगाला लागणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी सुमारे २० टक्के येथून जातात. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये सुरू केलेली सिप्ला मुंबईची, १९६६ मध्ये स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट पुण्याची. तारापूर, वाळूज, कुरकुंभ, महाड, लोटे-परशुराम येथल्या औद्योगिक वसाहती आणि गोव्यातले वेर्णे-कुंडई येथे औषध कारखाने आहेत. कारखान्याबाहेर पुणे, नवी मुंबई, हैदराबाद येथे औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्याचे, वैद्यकीय चाचण्यांची माहिती सांभाळण्याचे आणि परदेशी नियामकांसाठी कागदपत्रे तयार करण्याचे काम वाढले आहे. सरकारी बाजूला राज्यातल्या १,८००हून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषध निर्माण अधिकारी लागतो. शिवाय जिल्हा व उपजिल्हा रुग्णालये, कर्मचारी राज्य विमा योजनेची रुग्णालये, रेल्वे आणि औषध निरीक्षकाची पदे आहेतच. ज्या क्षेत्राचा पसारा एवढा, त्याची पदवी घेऊन मूल बेकार कसे राहते?

पहिले कारण पदवी देणाऱ्या कारखान्यांत आहे. महाविद्यालयांचे पीक बेसुमार वाढते आहे, हे भारतीय फार्मसी परिषदेच्या ध्यानात २०१९ मध्येच आले होते. २०२०-२१ पासून पाच वर्षे, काही अपवाद सोडून, नव्या महाविद्यालयांना परवानगी द्यायची नाही असा ठराव तिने केला. त्याला अनेक राज्यांतून आव्हान मिळाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. शिक्षणसंस्था काढण्याच्या हक्कावर निर्बंध घालायचे तर त्यांना कायद्याचा आधार हवा, निव्वळ प्रशासकीय ठराव पुरणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. महाविद्यालयांची बेफाम वाढ रोखण्याची गरज असू शकते, हेही न्यायालयाने त्याच निकालात मान्य केले. फक्त ते कायदेशीर मार्गाने करा, एवढेच त्याचे म्हणणे होते. म्हणजे मार्ग खुला होता. तो धरण्याऐवजी परवानग्यांचे दार सताड उघडले गेले. २०२५ मध्ये तर परवानग्यांमधील लाचखोरीच्या आरोपांवरून सीबीआयने परिषदेच्या अध्यक्षांविरुद्धच गुन्हा नोंदवला. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण महाविद्यालयाची तपासणी कशी होते याबद्दल शिक्षक आणि विद्यार्थी वर्षानुवर्षे जे बोलत होते, ते त्यामुळे चव्हाट्यावर आले.

ते काय बोलतात? ‘नॉन-अटेंडिंग’ हा शब्द फार्मसीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. शुल्क भरायचे, परीक्षेपुरते यायचे, मधल्या काळात दुसरीकडे नोकरी करायची. अशा ठिकाणी औषधातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राचे आवरण तपासणी पथक येणार असेल त्याच दिवशी निघते. गोळ्या बनवण्याचे यंत्र फिरलेले विद्यार्थ्याने पाहिलेले नसते. शिक्षक कागदावर पूर्ण संख्येने असतात, वर्गात नसतात. डी.फार्म झाल्यावर औषधांच्या दुकानात किंवा रुग्णालयात पाचशे तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्याची नोंदवहीही ओळखीच्या दुकानदाराच्या शिक्क्यांनी भरली जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क २०२४ पासून राज्य सरकारने माफ केले, हे उत्तमच झाले. पण सरकारी तिजोरीतून जाणारा तो पैसा अशा संस्थेच्या खात्यात पडत असेल, तर फसवणूक त्या मुलीची होते आणि करदात्याचीही.

मग कंपनीच्या मुलाखतीत सारे उघडे पडते. गोळ्या दाबण्याच्या विभागात उभा राहणारा नवा माणूस ठरावीक वेळाने गोळ्या काढतो, त्यांचे वजन करतो, कठीणपणा आणि विरघळण्याचा वेळ तपासतो आणि प्रत्येक आकडा त्याच क्षणी बॅच रेकॉर्डमध्ये लिहितो. आकडा चुकला तर खोडायचा नसतो. त्यावर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख टाकायची, जेणेकरून दोन वर्षांनी येणाऱ्या परदेशी निरीक्षकालाही मूळ आकडा वाचता यावा. ही शिस्त प्रयोगशाळेत चार वर्षे हात घातल्याशिवाय येत नाही. ती नसली की मूल कंत्राटदारामार्फत, पंधरा-वीस हजारांच्या आसपास पगारावर पॅकिंगच्या पाळीत अडकते. याउलट, जीपॅट ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन एम.फार्म करणाऱ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. पुढे विश्लेषण, सूत्रीकरण किंवा नियामक कामात त्याची वाट रुंद होत जाते. दोघांच्याही हातात पदवी असते. फरक पडतो तो शिक्षणामुळे.

दुसरे कारण आपल्या रोजच्या वाटेवर आहे. फार्मसी कायदा १९४८ चा. त्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे. दुसऱ्या कुणी दिले तर तो गुन्हा आहे. औषध नियमांतील नियम ६५ सांगतो की ही विक्री फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाली पाहिजे. म्हणजे उघड्या असलेल्या प्रत्येक मेडिकलमध्ये, उघड्या असलेल्या प्रत्येक तासाला, एक शिकलेला माणूस हजर हवा. सकाळी आठ ते रात्री अकरा चालणाऱ्या दुकानाला एक फार्मासिस्ट पुरणारच नाही. एवढ्या नोकऱ्या कायद्याने पाऊण शतकापूर्वी निर्माण करून ठेवल्या आहेत. प्रत्यक्षात भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र असते, त्याचा मालक दुसऱ्या गावात दुसरेच काम करत असतो आणि काउंटरवर दहावी-बारावी झालेला मुलगा चिठ्ठीवरचे अक्षर अंदाजाने लावत असतो. प्रमाणपत्र ‘लावण्याचे’ दरमहा काही हजार मिळतात, म्हणून पदवीधरही त्यात सामील होतो. आपल्याच व्यवसायबंधूची जागा आपण काही हजारांना विकतो आहोत, हे त्याच्या गावी नसते.

यावर इलाज झालाच नाही असे नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, दुकानात फार्मासिस्ट हवाच असा आग्रह राज्यभर धरला गेला. विक्रेत्यांच्या संघटनांनी बंदचे हत्यार उपसले. तरीही कायदा राबवायचा ठरवला तर तो राबवता येतो, हे त्या काळात दिसले. आयुक्त बदलले आणि मोहीम ओसरली. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये आला, पण त्याला अंतिम रूप मिळाले नाही. घरपोच आलेल्या पाकिटामागे कुणाची सही, हा प्रश्न त्यामुळे लोंबकळतच राहिला.

हा केवळ नोकऱ्यांचा प्रश्न असता तरी गंभीर होता. पण येथे जीव जातात. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. एखाद्या आजीने ते इतर गोळ्यांसारखे रोज घेतले तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि प्राणावर बेतते. ‘आजी, ही गोळी फक्त रविवारी’ असे सांगून पाकिटावर ठळक लिहून देणारा माणूस काउंटरवर असावा, यासाठीच तो कायदा आहे. प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे सरसकट विकली जाऊ नयेत म्हणून २०१४ पासून शेड्यूल एच-१ खाली रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नावानिशी नोंद ठेवणे सक्तीचे झाले. ती नोंद भरणारा शिकलेला हात नसेल तर नियम कागदावरच राहतो.

कारखान्याच्या बाजूला तर किंमत याहून मोठी आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्या. लेन्टिन आयोगाने औषध प्रशासनाच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतली अनेक शेवटच्या धडपडीत नागपूरला आणली गेली होती. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधातही तेच विष निघाले. जवळपास चार दशकांत ते शोधण्याची पद्धत अधिक सोपी झाली. कच्चा माल वापरण्याआधी ती चाचणी करणारा आणि ती झाली की नाही हे पाहणारा निरीक्षक मात्र जागेवर नव्हता. औषध निरीक्षकाचे पद रिकामे ठेवून सरकार पगार वाचवत असेल, पण त्याची भरपाई कुणाच्या तरी घरातून होते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे. डॉक्टरकी हुकली म्हणून फार्मसी घेऊ नका; रसायनशास्त्र आवडत असेल, बारकाईने काम करण्याची तयारी असेल तर जरूर घ्या. प्रवेशाआधी महाविद्यालयात एक साधा दिवस जाऊन या. प्रयोगशाळेत मुले उभी आहेत का, यंत्रांच्या वापराची नोंदवही भरलेली आहे का, मागच्या तुकडीतली मुले कुठे आहेत, हे विचारा. मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी (आयसीटी), कलिन्याचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, कराड-अमरावतीची शासकीय महाविद्यालये यांचा दर्जा डोळ्यांसमोर ठेवून इतरांकडे बघा. चांगले महाविद्यालय मिळत नसेल तर बी.एस्सी. रसायनशास्त्र हा कमीपणाचा पर्याय मुळीच नाही. परदेशाचे स्वप्न असेल तर आधी नियम वाचा: अमेरिकेत फार्मासिस्ट म्हणून परवाना हवा तर किमान पाच वर्षांचे शिक्षण लागते, चार वर्षांची बी.फार्म तेथे चालत नाही. आणि पदवी हाती आल्यावर प्रमाणपत्र भाड्याने देऊ नका.

पण सारा भार मुलांच्या शहाणपणावर टाकणे अन्यायाचे होईल. राज्य सरकारने तीन गोष्टी कराव्यात. दुकान उघडे असताना फार्मासिस्टची हजेरी बायोमेट्रिक पद्धतीने नोंदवून ती लोकांना पाहता येईल अशी ठेवावी आणि एकाच नावावर दोन ठिकाणी काम दाखवणाऱ्यांची नोंदणी निलंबित करण्याची शिफारस करावी. औषध निरीक्षकांची रिक्त पदे भरावीत. आणि तंत्रशिक्षण विभागाने प्रत्येक फार्मसी महाविद्यालयाची पूर्वसूचना न देता तपासणी करून शिक्षक, हजेरी आणि निकाल यांचा तपशील प्रवेशफेरीच्या आधी जाहीर करावा. जे नापास होईल त्याला त्या वर्षी प्रवेश देऊ नयेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, आहे तो पाळण्याची धमक लागते. ती दाखवली, तर फार्मसी घ्यावी का या प्रश्नाला ‘हो’ असे नि:शंक उत्तर देता येईल. तोवर ते उत्तर महाविद्यालयाचे नाव विचारूनच द्यावे लागेल.