नाक्यावर कोण उभे आहे?

वर्धा जिल्ह्यातल्या पोहणा गावाच्या शिवारात महामार्गावर गाडी अडवली गेली, शस्त्राचा धाक दाखवला गेला आणि साडेचार कोटींच्या घरातली रोकड लुटारूंनी पळवली. वर्धा पोलिसांनी त्यांना झपाट्याने गाठलेही. पाठोपाठ आलेल्या या दोन बातम्यांतली दुसरी इतकी गोड होती, की पहिलीचा कडूपणा जिभेवर टिकलाच नाही. अशा प्रकरणात निघणारे छायाचित्र ठरलेले असते. मेजावर नोटांच्या थप्प्या, मागे बुरखे चढवलेले आरोपी आणि दोन्ही बाजूंना ताठ उभे अधिकारी. ते पाहिले, की आपला जिल्हा सुरक्षित असल्याचा भास होतो. आमची तक्रार त्या भासाबद्दल आहे.

तपासाचे श्रेय ज्यांचे त्यांना मिळायलाच हवे. अशा दिवसांत स्थानिक गुन्हे शाखेतली माणसे जेवायलाही घरी जात नाहीत, हे आम्ही जाणतो. पण चोर सापडला म्हणून वाडा राखला गेला, असे कोणी म्हणत नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणजे काही आडरानातली पांदण नव्हे. जाम, हिंगणघाट, दारोडा, वडनेर, पोहणा या पट्ट्यात रात्रीच्या कुठल्याही प्रहरी ट्रकांची रीघ असते. अशा रस्त्यावर दुसऱ्याची चालती गाडी अडवायला निघालेल्या माणसाच्या कमरेला नुसते हत्यार असून भागत नाही. पुढे-मागे आपल्याला कोणी हटकणार नाही, अशी खात्रीही त्याला लागते. ती त्याला कोणी दिली? नाक्यावर कोण उभे होते? आरोपपत्रात हा प्रश्न येत नसतो, म्हणून तो येथे विचारायचा.

जागा पाहा. पोहणा हे जिल्ह्याचे टोक. वर्धा नदी ओलांडली की वडकी, म्हणजे यवतमाळ जिल्हा. पुढे करंजी, पांढरकवडा, पिंपळखुटी, आणि मग तेलंगण. पाय दाबून गाडी हाकली तर दीड तासाच्या आत दोन जिल्हे आणि एक राज्य मागे पडते. उलट दिशेने जावे तर जामच्या चौरस्त्यावर नागपूर आणि चंद्रपूर या दोन वाटा फुटतात. लुटारूंनी ही जागा काय पंचांग पाहून निवडली? हद्द जिथे संपते तिथे पोलिसांची घाईही संपते, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते. ते आपल्या गृहखात्यापाशीही असणार, पण दप्तरात बांधलेले.

पोलिसी पाठलागाची आपली कल्पना सिनेमाने बिघडवली आहे. पुढे चोराची गाडी, मागे भोंगा वाजवणारी जीप, मध्ये उलटणारे भाजीचे गाडे. प्रत्यक्षात ठाण्याची थकलेली गाडी आणि महामार्गावर दीडशेच्या वेगाने सुटलेली मोटार यांची शर्यत लावलीच, तर निकाल वेगळा सांगायला नको. भर वस्तीत ती लागली तर त्याहून वाईट. 25 जानेवारी 2012 रोजी पुण्यात स्वारगेट आगारातून संतोष माने एसटीची बस घेऊन सुटला. पोलीस मागे होते, लोक मागे होते, आणि तरी नऊ जणांचा जीव गेला. बस थांबली ती एका तरुण विद्यार्थ्याने जिवावर उदार होऊन आत शिरल्यानंतर. नुसते मागे लागल्याने गाडी थांबत नाही. पुढे कोणीतरी उभे असावे लागते.

याचा पुरावा या राज्याने रक्ताने लिहून ठेवला आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाच्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांना मारून दहशतवादी कसाब आणि त्याचा साथीदार इस्माईल यांनी पोलिसांचीच क्वालिस पळवली. तिचा टायर बसला तेव्हा बंदुकीच्या धाकाने त्यांनी एक स्कोडा अडवली, आतल्यांना उतरवले आणि मरीन ड्राइव्ह धरला. हातात एके-47, रस्ता मोकळा. मुंबईच्या इतिहासातली ही सर्वांत भयानक सशस्त्र गाडीलूट. ती संपली कुठे? कोणा धाडसी चालकाच्या पाठलागात नव्हे. क्वालिसमध्ये सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली जखमी पडलेल्या एका शिपायाने संधी मिळताच बिनतारी यंत्रावरून खबर दिली. ती नियंत्रण कक्षाकडून पुढे गेली, स्कोडाचे वर्णन गेले आणि गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी रस्ता बंद केलेला होता. गाडी अलीकडेच थबकली, वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठी होती. त्यांनी बंदुकीची नळी धरली ती अखेरपर्यंत सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, खटला उभा राहिला आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. हे सारे कशामुळे, तर वेळेत पोचलेल्या एका संदेशामुळे आणि नाक्यावर उभ्या असलेल्या मूठभर माणसांमुळे.

मुंबईचे उदाहरण वर्ध्याला कशाला, असे कोणी म्हणेल. मग शेजारच्या चंद्रपूरचे घ्या. नोव्हेंबर 2018 मध्ये नागभीडचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे दारूतस्करांच्या गाडीमागे लागले. तस्करांनी ती त्यांच्याच अंगावर घातली. तेव्हा चंद्रपुरात दारूबंदी होती. 2021 मध्ये सरकारने ती उठवली. चिडे परत आले नाहीत. त्यानंतर विदर्भातल्या किती नाक्यांवर लोखंडी अडथळे, टायर फाडणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या, दिवे आणि पुरेशी माणसे आली? आजही रात्रीच्या नाकाबंदीला दोन शिपाई, एक होमगार्ड, एक शिट्टी आणि बाजूच्या टपरीवरून ओढून आणलेले बाकडे एवढाच सरंजाम अनेक ठिकाणी दिसतो. भरधाव गाडीपुढे हात करायचा म्हणजे त्या शिपायाने काय करायचे, याचे प्रशिक्षण त्याला कोणी दिले आहे? ओंबळे सगळ्यांनी व्हावे, ही अपेक्षा राज्य चालवण्याची रीत असू शकत नाही.

वर्ध्यात नाकाबंदी होत नाही असे नाही. होते, आणि कशासाठी होते हे शेंबडे पोरही सांगेल. गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार या जिल्ह्यात, म्हणून सत्तरच्या दशकापासून येथे दारूबंदी आहे. त्या पुण्याईचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. तूर्त एवढेच, की जिल्हा पोलिसांचे डोळे, पाय आणि पेट्रोल यांतला केवढा तरी वाटा डिकीतल्या बाटल्या मोजण्यात जातो. मोटारसायकलच्या डिकीतल्या दोन निपा ज्या नाक्यावर सापडतात, त्याच पट्ट्यातून पिस्तूल बाळगणारी टोळी आरामात जाते-येते. वास दारूचाच येतो, काडतुसाला वास नसतो. ठाणेदाराच्या कामाचे मोजमाप तुम्ही किती पेट्या पकडल्या यावर करणार असाल, तर त्याचे शिपाई पेट्याच शोधणार.

आणि पोलीस कमी आहेत, रस्ता लांब आहे, ही सबब आम्हाला ऐकवू नये. ती खोटी नाही, पण निवडणुका लागल्या की ती कुठे जाते? आचारसंहितेच्या काळात याच महामार्गावर स्थिर पथके उभी राहतात, भरारी पथके फिरतात, तंबू लागतात, व्हिडिओग्राफर येतो. कागदपत्रांशिवाय 50 हजारांहून अधिक रोख नेणाऱ्याला उतरवून विचारणा होते. मुलीच्या लग्नाचे सामान घ्यायला निघालेला बाप तिथे घाम पुसत उभा राहतो. म्हणजे माणसे मिळतात, तंबू मिळतात, कॅमेरेही मिळतात. फक्त मतदान आटोपले, की तंबूबरोबर कायद्याचा धाकही गुंडाळून ट्रकमध्ये टाकला जातो. दिल्लीहून आयोगाने सांगितले तर नाका उभा राहतो आणि हिंगणघाटच्या माणसाचा जीव धोक्यात आहे म्हटले तर राहत नाही, याला मनुष्यबळाची टंचाई म्हणत नाहीत.

टोलनाक्याचीही हीच गत. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा आहे. कोणती गाडी किती वाजता कोणत्या रांगेतून गेली, याची नोंद यंत्रात आपोआप होते. खात्यात पैसे नसतील तर दांडा वर जात नाही आणि तुमच्या मागची रांग भोंगे वाजवून तुमचा उद्धार करते. शंभर रुपयांच्या टोलासाठी गाडी अडवता येते, पण लुटीच्या खबरीवर ती अडवायला नाक्यावरच्या माणसाला कोणाचा फोन यायला हवा आणि तो किती मिनिटांत यायला हवा, हे कुठे लिहून लावले आहे? 112 क्रमांकाची यंत्रणा राज्यात 2021 साली सुरू झाली. हा क्रमांक फिरवल्यावर आपल्याकडे गाडी धावून येते, हे चांगलेच. लुटारू मात्र तेवढ्यात दुसऱ्या दिशेला निघून गेलेला असतो. त्या फोनसरशी दारोड्याचा आणि केळापूरचा दांडा खाली यायला हवा.

समृद्धी महामार्गावर तर ही सोय बांधतानाच झाली आहे. हा रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. दोन्ही बाजूंना कुंपण, आत-बाहेर जायला ठरावीक फाटे, येळाकेळी आणि विरूळ हे आपल्याकडचे. एकदा आत शिरलेली गाडी फाट्यावरच बाहेर पडणार. इतकी आयती नाकाबंदी पोलिसांना स्वप्नातही मिळाली नसती. तिचा उपयोग गाडी किती वेगात गेली हे मोजण्यापलीकडे व्हायला हवा.

आता त्या पैशांकडे वळू. पोहण्याची रक्कम काळी होती असे आम्ही म्हणत नाही. ती कोणाची, कशाची, हे आयकर खात्याने आणि पोलिसांनी पाहावे. पण एक गंमत वाचकांच्या नजरेतून सुटू नये. हिंगणघाटच्या शेतकऱ्याला आपलाच कापूस भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) विकायचा तर सातबारा लागतो, त्यावर कापसाचा पेरा लागतो, आधार लागते, आधारशी जोडलेले खाते लागते. एक अक्षर चुकले, की गाडीभर कापूस घेऊन तो बाजार समितीच्या आवारात रात्र काढतो. त्याच तालुक्यातून कोट्यवधींच्या नोटा खासगी मोटारीत भरून हैदराबादची वाट धरतात. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यक्तीकडून एका दिवसात रोखीने घेण्यास आयकर कायदा 2017 पासून मनाई करतो आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड सांगतो. त्याआधी 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटाच रद्द झाल्या होत्या. रोकड हटेल म्हणून अख्खा देश बँकांपुढे उन्हात उभा राहिला. रिझर्व्ह बँकेच्याच हिशेबाने 99 टक्क्यांहून अधिक नोटा परत आल्या, आणि मोठ्या रकमांची रोकड पुन्हा पूर्वीच्याच रस्त्याने धावू लागली. ती तशी धावते हे लुटारूंना कळते, गाडी कोणती आणि निघणार केव्हा हेही कळते. कळत नाही ते फक्त शासनाला. अशी रक्कम लुटली गेली की आधी घाम फुटतो तो पोलिसांकडे जावे की न जावे या विचाराने, आणि टोळ्यांचे सगळे धाडस याच घामावर पोसले जाते.

हत्यारांचेही तेच. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात, आपल्या चोपडा तालुक्याला खेटून असलेल्या उमर्टी गावचे गावठी कट्टे वर्षानुवर्षे महाराष्ट्रात पकडले जातात. गाव माहीत, वाट माहीत, भाव माहीत. 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढवल्या. कट्टा ज्याच्या कमरेला सापडतो तो आत जातो, बनवणारा आणि पोचवणारा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. एकेका आरोपीकडून एकेक पिस्तूल जप्त करून छायाचित्र काढणे आणि नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसणे, यात फरक तो कोणता?

म्हणून पोहण्याच्या तपासाचा आनंद आम्हाला अर्धाच होतो. पोलिसांनी या वेळी माग काढला. पुढच्या वेळी गाडीत रोकड नसेल, रात्रीच्या प्रवासाला निघालेले एखादे कुटुंब असेल, आणि साडेचार कोटींसाठी जेवढे खाते हलते तेवढे त्यांच्यासाठी हलेलच याची हमी कोणी देत नाही. नाका सर्वांसाठी सारखा असतो. त्याला गाडीत कोण बसले आहे हे विचारावे लागत नाही.

वर्धा, यवतमाळ आणि आदिलाबाद या तीन जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी एकत्र बसून महामार्गाच्या या पट्ट्यासाठी नाकाबंदीचा एकच आराखडा करावा, टोलनाके त्यात जोडावेत आणि नाक्यावरच्या शिपायाला लाठीहून अधिक काहीतरी द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, मंत्रिमंडळाची बैठकही लागत नाही. बाकी सत्कार, प्रशस्तिपत्रे आणि छायाचित्रे सवडीने होऊ द्यावीत. आज रात्री बारानंतर पोहण्याजवळ, वर्धा नदीच्या पुलाच्या अलीकडे कोण उभे असेल, एवढे जिल्हा पोलिसांनी आधी सांगावे.