बोनेट आणि तांबटाचा हातोडा

गेल्या शनिवारी माझे एक स्नेही आपल्या १९७८ सालच्या पद्मिनीचे बोनेट टेंपोत घालून घरी घेऊन आले, आणि ते अंगणातल्या उन्हात भिंतीला टेकवून उभे करताच, मी काही विचारण्याच्या आधीच, "तुम्ही पावसाळ्यात सँडब्लास्टिंगविषयी लिहिले होते ते मी वाचले होते, पण ते करणाऱ्या माणसाने छातीला हात लावून हमी दिली, म्हणून विश्वास टाकला," एवढे बोलून ओट्यावर बसले. वडिलांनी घेतलेली ती गाडी त्यांनी इतक्या निगुतीने सांभाळली आहे की, जुन्या रंगाचे चार-पाच थर आणि कडेच्या दुमडीत धरलेला थोडासा गंज यांखेरीज त्या बोनेटात दोष असा नव्हताच. आता त्याचा रंग गेला होता, गंजही गेला होता. पण उन्हात वाळत घातलेला पापड जसा जागोजागी उचलला जातो तसा तो पत्रा उचलला गेला होता, आणि मधोमध अंगठ्याने दाबले असता तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टक् आवाज करून आत जात होता व अंगठा काढताच तसाच आवाज करून वर येत होता.

ज्या ठिकाणी हे काम झाले तेथे एरवी गर्डर आणि टाक्या साफ होतात. तेथल्या शिरस्त्याप्रमाणे चाळलेली रेती, सात किलोचे प्रेशर आणि नोझल पत्र्याशी काटकोनात, असा सारा बंदोबस्त या बोनेटासाठीही तोच होता. तक्रार घेऊन गेल्यावर मिळालेली कैफियत अशी की, "घर्षणाच्या उष्णतेने पत्रा वाकला, पुढच्या खेपेस पाणी मिसळून मारू." नुकसानीपेक्षाही या उत्तराने माझे मन अधिक खिन्न झाले, कारण ज्याला आपल्या हातून काय घडले हेच उमगलेले नाही, तो उद्या दुसऱ्याच्या दरवाजाचे आणि परवा तिसऱ्याच्या छपराचे हेच करणार. सँडब्लास्टिंग चालू असलेल्या पत्र्यावर, नोझल बंद होताच, मी अनेकदा हात ठेवून पाहिला आहे. तेथे हात सुखाने ठेवता येतो. पत्रा उष्णतेने वाकलेला नसतो. तो ठोकला गेल्याने वाकलेला असतो. पाण्याने धूळ खाली बसते, आघात संपत नाही. आणि वर ओला उघडा पत्रा डोळ्यांदेखत तांबूस होऊ लागतो तो वेगळाच.

हे ज्याला मनापासून समजून घ्यावयाचे असेल त्याने मोटारीच्या कारखान्यात न जाता पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत जाऊन उभे राहावे. तेथे बंब आणि हंडे घडवणारा कारागीर गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने भांड्याच्या अंगावर ओळीने ठोके घालत असतो. त्या कामास मठारकाम म्हणतात, आणि भांड्याच्या अंगावर चमकणाऱ्या त्या असंख्य टिकल्यांना आपण आज शोभा समजून घरात मांडतो. परंतु ती केवळ शोभा नव्हे. प्रत्येक ठोक्याखाली धातू तसूभर का होईना पसरतो, आणि पसरताना कठीण होतो. म्हणूनच पातळ तांब्याचे भांडे मठारल्यावर कणखर होते. जेथे ठोका पडला तेथे धातूचे क्षेत्र वाढले, आणि वाढलेले क्षेत्र कोठेतरी सामावले पाहिजे, हा तांबटाच्या विद्येचा पहिला पाठ होय. म्हणून तो ठोके एकसारख्या अंतराने, एकसारख्या जोराने, घेराघेराने घालतो, आणि धातू फार कठीण झाला असे हाताला जाणवताच भांडे भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेतो. एकाच जागी तो दहा ठोके जास्त घालील तर तेथे पोक येईल, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

आता नोझलमधून सुटणाऱ्या रेतीकडे याच दृष्टीने पाहावे. तिचा प्रत्येक कण हा एक हातोडाच आहे. फरक इतकाच की, तांबटाचा हातोडा एक आणि त्याला धरणारा हात जाणता, तर येथे हातोडे लक्षावधी आणि ते सोडणारा हात रंग निघाला की नाही एवढेच पाहणारा. कठीण गंजाच्या डागावर तो नोझल रेंगाळवतो, सोप्या जागेवरून भरकन पुढे नेतो. म्हणजे तांबट जी चूक कधी करणार नाही, नेमकी तीच येथे कामाची पद्धत होऊन बसते. बोनेटाचा पत्रा जाडीला एक मिलिमीटरही भरत नाही. त्याचा मार खाल्लेला वरचा पापुद्रा पसरू पाहतो, खालचा न पसरलेला भाग त्याला धरून ठेवतो, आणि या ओढाताणीत सबंध पत्रा मार आला त्या दिशेला फुगतो. आतल्या चौकटीच्या पट्ट्यांनी जेथे त्याला धरले आहे तेथे तो स्थिर राहतो. दोन पट्ट्यांच्या मधला मोकळा भाग मात्र उचलला जातो. माझ्या स्नेह्यांचे बोनेट उन्हात तिरपे धरून पाहिले तेव्हा आतल्या चौकटीचा सारा नकाशाच वर उमटलेला स्पष्ट दिसत होता.

ही केवळ माझी उपमा आहे असे ज्यांस वाटेल त्यांच्यासाठी सांगतो की, जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन या अभियंत्याने १९४०च्या दशकात याच परिणामाचे माप घेण्याची एक सुबोध रीत रूढ केली. स्प्रिंगच्या पोलादाची ७६ मिलिमीटर लांब आणि १९ मिलिमीटर रुंद पट्टी ठोकळ्यावर चार स्क्रूंनी आवळावयाची, तिच्या एकाच अंगावर गोळ्यांचा मारा करावयाचा आणि मग स्क्रू सोडावयाचे. पट्टी कमानीसारखी वाकते, व कमानीची पाठ नेहमी मार खाल्लेल्या अंगाला असते. कमान किती उंच झाली यावरून माऱ्याची तीव्रता ठरते. स्प्रिंगा अधिक टिकाव्यात म्हणून कारखाने हा मारा हेतुपुरस्सर करतात. सर्रास वापरली जाणारी ती पट्टी सुमारे १.३ मिलिमीटर जाड, शिवाय कठीण पोलादाची. ती जर वाकते, तर तिच्याहून पातळ आणि कितीतरी मऊ असे बोनेट सरळ राहील ही अपेक्षाच करणे अन्यायाचे आहे.

"दुसऱ्या अंगाने मारले की सरळ होईल," असाही एक सल्ला माझ्या स्नेह्यांना मिळाला होता. तो त्यांनी मानला नाही हे भाग्य. सुट्या पट्टीला तो उपाय लागू पडेल; पण बोनेटाच्या आतल्या अंगाला चौकट आड येते, मारा सारखा बसत नाही, आणि एका लाटेच्या दोन लाटा होतात. पसरलेला पत्रा आकसून घेण्याची खरी विद्या पत्र्याच्या जुन्या मिस्त्रींजवळ आहे: नाण्याएवढी जागा लाल तापवावयाची, हलके ठोकावयाचे आणि ओल्या फडक्याने विझवावयाचे. पण तिला वेळ लागतो. म्हणून मग येते ती लांबी, म्हणजे खड्डे बुजवणारा पुट्टीचा लेप. लांबीविषयीचा माझा संताप या स्तंभाच्या वाचकांस नवा नाही, आणि तो कमी होण्याचे काही कारणही घडलेले नाही. पत्र्याची चूक पत्र्यावरच सुधारली पाहिजे, तिच्यावर बोटभर लेप चढवून तिला गुळगुळीत करणे म्हणजे तिच्यावर पांघरूण घालणे होय. ज्या गावात तांबटांची वस्ती टिकली त्या गावचा पत्र्याचा मिस्त्री लांबी कमी वापरतो, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे.

याचा अर्थ माऱ्याची ही पद्धतच त्याज्य आहे असा नव्हे. चॅसिस, सस्पेन्शनचे जाड भाग, चाकांच्या रिमा, बिजागऱ्या, जेथे पॉलिश पेपर पोचत नाही अशा खाचा आणि दुमडी, येथे तिच्यासारखे दुसरे साधन नाही. शिवाय पाट्याला टाकी लावल्यावर मसाला जसा धरतो, तसा तिने खरखरीत केलेल्या लोखंडाला प्राइमर धरतो. रुंद आणि सपाट पत्र्याची बाब मात्र निराळी. तेथे केवळ रंगच काढावयाचा असेल तर विमानांच्या पातळ पत्र्यासाठी रूढ झालेली प्लॅस्टिकची कणी, कमी प्रेशरने, तिरप्या कोनातून आणि हात सतत हलता ठेवून वापरावी. सोडाही चालतो, पण तो नंतर पाण्याने पुरता धुतला पाहिजे, नाहीतर रंग सुटतो. या दोहोंनी गंज जात नाही. गंजाचे डाग रसायनाने आणि हाताने काढावेत, आणि उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्राइमरखाली जावा. कल्हईवाला नवसागराने भांडे उजळतो आणि तापलेल्या भांड्यावर तत्क्षणी कथील फिरवतो. उघडे भांडे तो कधी कोणाच्या घरी परत देत नाही. या स्नेह्यांचे बोनेट मात्र तीन दिवस उघडे पडून होते, तेही मुंबईच्या हवेत.

एक गोष्ट मात्र बोनेटापेक्षा मोठी आहे. स्नेही सांगत होते की नोझल धरणारा पोरगा विशीतला होता, आणि त्याच्या तोंडाला ओला रुमाल बांधलेला होता. रेती फुटून जी धूळ होते तिचा घातक अंश डोळ्यांना दिसतही नाही आणि रुमालाने अडतही नाही. तो फुप्फुसात उतरून कायमचा राहतो, आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही. टिल्घमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेत रेतीच्या माऱ्याचे पेटंट घेतले ते १८७० साली. ब्रिटनने या कामी रेती वापरण्यास १९४९ साली मनाई केली, आणि जीन्सच्या कापडाला जुनेपणा आणण्यासाठी हाच मारा करणारे तरुण कामगार आजारी पडू लागल्यावर तुर्कस्तानने २००९ साली तेथेही तो बंद केला. आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात सिलिकोसिसचे नाव तेव्हाच आले होते; पण पत्र्याच्या शेडमधला तो पोरगा कोणत्या दप्तरात नोंदलेला असणार?

म्हणून जुनी गाडी नवी करण्यास निघालेल्या प्रत्येकास माझी विनंती आहे की, पैसे ठरवण्यापूर्वी शेडमध्ये स्वतः जाऊन उभे राहावे आणि नोझलमधून काय उडते ते मुठीत घेऊन पाहावे. ती नदीची रेती असेल, आणि नोझल धरणाऱ्याच्या तोंडावर बाहेरून हवा पुरवणाऱ्या टोपाऐवजी रुमाल असेल, तर बोनेट खाली उतरवूच नये; टेंपो तसाच परत फिरवावा.