घसारा नावाचे कलम

बँकेच्या नोकरीत तीस-बत्तीस वर्षे मी इतरांचे ताळेबंद वाचले. त्यातले ‘घसारा’ हे कलम मला नेहमीच सर्वांत बोलके वाटले. यंत्र झिजते, त्या झिजेपोटी दरवर्षी उत्पन्नातून काही रक्कम बाजूला काढायची, एवढाच त्याचा अर्थ. ती कमी काढली की नफा फुगतो आणि त्या वर्षी तरी कोणाचे काही बिघडत नाही. रेल्वेच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे. तिथे चाक रुळावर खरोखरच घासते.

पोलादी चाक पोलादी रुळाला टेकते ती जागा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी असते. एका चाकावरचा कित्येक टनांचा भार तेवढ्यावर पेलला जातो. तिथे विरोध कमी, म्हणूनच आगगाडी स्वस्तात धावते. पण घर्षण फारच कमी झाले तर चाक जागीच फिरते आणि ब्रेक धरत नाही; त्यासाठी इंजिनातून चाकापुढे वाळू सोडण्याची सोय असते. उलट वळणावर चाकाची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला घासते, तिथे वंगण लागते. रुळाच्या माथ्यावर घर्षण हवे आणि बोटभर खाली, त्याच रुळाच्या कडेला, ते नको, असा हा व्यवहार आहे.

याहून नाजूक प्रश्न भेगांचा. सततच्या भाराने रुळाच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या वेळीच घासून निघाल्या नाहीत तर आत उतरतात. म्हणून रुळावरून ग्राइंडिंगची गाडी फिरवून पातळसा थर मुद्दाम काढून टाकतात. रूळ टिकवायचा तर तो थोडा झिजवावाही लागतो, आणि त्याला पैसे पडतात.

ही कामे लांबणीवर टाकली की काय होते, ते ब्रिटनने पाहिले. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सकडे निघालेली गाडी ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने हॅटफिल्डच्या वळणावर आली आणि चाकाखालचा रूळ फुटला. त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार माणसे गेली. भेगा ठाऊक होत्या, नवे रूळ उपलब्ध होते; ते बसवले मात्र गेले नव्हते. रुळांची मालक असलेली रेलट्रॅक ही कंपनी १९९६ मध्ये शेअर बाजारात आली होती. अशा भेगा आणखी कुठे आहेत, याचा खात्रीचा हिशेब तिच्यापाशी नव्हता. देशभर बाराशेहून अधिक ठिकाणी वेगमर्यादा घालाव्या लागल्या. वर्षभरात कंपनी प्रशासकांच्या हाती गेली.

आपली रेल्वे सरकारी, तिला भागधारकांची घाई नाही, असे कोणी म्हणेल. पण शिल्लक दाखवण्याचा मोह सरकारलाही सुटत नाही. १९२४ मध्ये रेल्वेचा हिशेब सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा झाला, तेव्हापासून आपल्याकडे घसारा निधी आहे. २०१९-२० मध्ये त्यात जमा झाले अवघे ४०० कोटी रुपये, आणि त्याच वर्षी निव्वळ शिल्लक दाखवली गेली सुमारे दीड हजार कोटींची! घसारा रीतसर काढला असता तर ही शिल्लक उरली असती का?

२०१७-१८ मध्ये, पाच वर्षांत एक लाख कोटी खर्चण्यासाठी, राष्ट्रीय रेल संरक्षा कोश स्थापन झाला आणि रुळांची बरीच कामे त्यातून होऊ लागली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु तो मुख्यतः सरकारी मदतीवर बेतलेला. शिवाय त्याच्या वापरावर महालेखापालांनी २०२२ मध्ये आक्षेप घेतले. आजच्या गाडीने केलेली झीज आजच्या उत्पन्नातून भरायची, हे मूळ तत्त्व बाजूलाच पडले.

रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाला. आता अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण नव्या गाड्यांची नावे ऐकतो. घसाऱ्यापोटी यंदा किती काढले, हाही आकडा खासदारांनी विचारावा आणि वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापावा. तो कमी असेल तर उरलेली रक्कम रूळ कधीतरी वसूल करतातच, आणि ती हिशेबनीसाकडून नव्हे, गाडीत बसलेल्यांकडून.