देह आमचा, उजेड कुणाचा?

आपल्या वस्त्यांमध्ये 'पोटात दुर्बीण घातली' हे वाक्य बहुधा एका विशिष्ट वेळीच ऐकू येते. माणूस निम्म्याने वाळलेला असतो, घास घशाखाली उतरेनासा झालेला असतो, घरातले डाग मोडून झालेले असतात. तेव्हा कुणी तरी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेतो, दुर्बीण घालतात आणि निदान होते. त्याआधीचे सहा-आठ महिने मात्र गॅसची गोळी, ॲसिडिटीचे औषध, सलाईन आणि 'थोडे दिवस बघू' यात गेलेले असतात. ज्या तपासणीने आजाराची सुरुवात पकडायची, तीच आपल्याकडे शेवटी येते. हे दैव नाही, ही व्यवस्था आहे! आणि व्यवस्था माणसांनी केलेली असल्यामुळे ती माणसांना बदलताही येते.

ही दुर्बीण म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेऊ. ज्ञान नसले की माणूस हात जोडून उभा राहतो. ज्ञान असले की तो प्रश्न विचारतो.

क्ष-किरण शरीराच्या आरपार जातात आणि आतल्या अवयवांची सावली दाखवतात. साधा उजेड आरपार जात नाही. कातडीखाली थोडे अंतर गेला की तो विखुरतो आणि विझतो. पण उजेडापाशी एक गोष्ट आहे जी सावलीपाशी नाही, ती म्हणजे रंग. जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या अस्तरावर पडलेला लालसर चट्टा, किंचित खडबडीत झालेली जागा, झिरपणारे रक्त हे उजेडात डोळ्यांना दिसते. तिथूनच चिमटीएवढा तुकडा काढून तपासता येतो. म्हणून उजेड शरीराच्या आत नेणे भाग पडते. तोंडातून, गुदमार्गातून, गर्भाशयाच्या मुखाशी, जिथे निसर्गाने वाट ठेवली आहे तिथून.

हा उजेड आत नेण्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. १८६८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ॲडॉल्फ कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी सरळ, ताठ नळी घशातून जठरापर्यंत घालून पाहिली. ती नळी कुणाच्या घशात घातली? कुणा सरदाराच्या नाही, कुणा प्राध्यापकाच्याही नाही. रस्त्यावर, जत्रेत तलवार गिळण्याचा खेळ करून पोट भरणाऱ्या माणसाच्या! आपल्याकडे डोंबारी दोरीवर चालतो, तसाच तो तिकडचा खेळकरी. पोटासाठी घसा कमावलेल्या त्या माणसाचे शरीर विज्ञानाला उपयोगी पडले. डॉक्टरांचे नाव ग्रंथात राहिले.

पुढे ताठ नळीची लवचिक नळी झाली. त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर संशोधन करीत होते. १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात दोघांचा निबंध आला. केसासारख्या बारीक काचतंतूंची जुडी केली तर प्रकाश तंतूच्या आतल्या भिंतींवर आपटत आपटत वाकड्या वाटेनेही पलीकडे पोहोचतो, प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहून नेतो आणि दुसऱ्या टोकाला चित्र उमटते, हे त्यांनी दाखवले. प्रकाश सरळ रेषेत जातो असे शाळेत शिकवतात. या लोकांनी त्याला वळणावळणाने चालायला लावले. १९५७ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची दुर्बीण तयार करून ती आधी स्वतःच्या घशात घातली आणि नंतर रुग्णाच्या. आधी आपला घसा, मग दुसऱ्याचा! विज्ञानातली ही नीती आपण लक्षात ठेवली पाहिजे. आज तंतूंच्या जुडीऐवजी नळीच्या टोकालाच इवलासा कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर दिसते. म्हणजे हे तंत्र नवे नाही. या दुर्बिणीला साठ वर्षे केव्हाच उलटून गेली. एवढ्या काळात ती आपल्या दारापर्यंत किती आली, हाच खरा प्रश्न आहे.

आता जर्मनीतून आपल्या मुंबईत येऊ. १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास केला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग वेळेत कसा ओळखावा, हा त्याचा विषय. पद्धत अगदी साधी. तिथे व्हिनेगरमधले, म्हणजे सिरक्यातले, ॲसिटिक आम्ल पातळ करून लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि चांगल्या उजेडात पाहायचे. बिघडू लागलेल्या पेशींची जागा पांढरी दिसू लागते. हे पाहणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन तयार केले होते. सुमारे ७५ हजार बायकांची अशी तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांमध्ये झाली. तुलनेसाठी तेवढ्याच, सुमारे ७६ हजार बायकांना फक्त माहिती दिली, तपासणी केली नाही. १२ वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. २०१४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली अशी की उजेड, सिरका आणि शिकवलेली एक बाई एवढ्यावर जीव वाचतात. हे आपल्याच वस्तीतल्या बायकांनी साऱ्या जगाला सिद्ध करून दिले. दुसरी अशी की तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नाही, आणि देशात तशी तपासणी कुठेच नियमित होत नाही हे त्यामागचे समर्थन होते. मुंबईतून निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात यावर कडक वाद झाला. संशोधन वाईट होते असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या बायकांच्या देहावरून हे ज्ञान मिळाले, त्यांच्या बहिणींना, लेकींना, सुनांना त्याचा लाभ सर्वांत आधी मिळायला हवा होता. मिळाला काय?

सरकारचेच आकडे पाहा. ३० वर्षांवरील सर्वांची तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१६ साली काढली. त्यानंतर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील किती भारतीय बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती? १.९ टक्के! तोंडाची तपासणी बायकांमध्ये ०.९ टक्के आणि पुरुषांमध्ये १.२ टक्के. शंभरात दोन माणसेसुद्धा नाहीत. बाकीच्या अठ्ठ्याण्णवांत आपण कुठे आहोत, हे सांगायला ज्योतिषी नको.

तोंडाची गोष्ट तर आणखी संतापजनक आहे. भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्याला शोधायला दुर्बीण लागत नाही, बॅटरी पुरते. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात तीन बोटे उभी न जाणे या खुणा प्रशिक्षित आरोग्यसेविकेला ओळखता येतात. केरळात तिरुवनंतपुरम येथे झालेल्या मोठ्या अभ्यासात, केवळ डोळ्यांनी तोंड तपासल्यामुळे तंबाखू-दारूचे सेवन करणाऱ्यांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली दिसून आले. इकडे महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू-चुना, मिश्री, मावा कुठे थांबला? बंदीचा कागद तोंडात बॅटरी मारून पाहत नाही.

पुढचे विज्ञानही आपल्या जवळच चालले आहे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत, ॲक्ट्रेकमध्ये, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामाचा उपयोग करून गालाच्या आतल्या भागावर लेसरचा प्रकाश टाकतात. परतणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटावरून निरोगी आणि बिघडलेला भाग वेगळा ओळखता येतो, हे जिवंत माणसांच्या तोंडावर केलेल्या त्यांच्या प्रयोगांत दिसले आहे. सुई नाही, काप नाही. अशा संशोधनाचे आपण मनापासून स्वागत केले पाहिजे. पण उद्या येणाऱ्या यंत्राचे नाव सांगून आजची बॅटरी बंद ठेवली जात असेल, तर ते विज्ञान नव्हे, ती टोलवाटोलवी आहे.

आता वसई-विरारचा विचार करा. २००९ साली महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर नालासोपारा पूर्वेला चाळींवर चाळी उभ्या राहिल्या त्या वेगळ्याच. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या कारखान्यांतले कामगार, नाक्यावरचे मजूर, धुणीभांडी करणाऱ्या बाया, साफसफाई करणारे कंत्राटी कामगार हे या शहराचे अंग आहे. यांच्यापैकी एकाला गिळताना अडकू लागले तर त्याची वाट कोणती? विरार लोकलने मुंबई. पहिल्या दिवशी केसपेपर, दुसऱ्या खेपेला तारीख, तिसऱ्या खेपेला दुर्बीण, चौथ्या खेपेला रिपोर्ट. प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो, आणि बरोबर येणाऱ्या माणसाचाही बुडतो. दोन खेपांनंतर तो जाणे सोडतो, आणि मग आपणच म्हणतो, 'अडाणी आहे, वेळेवर दाखवत नाही.' नालासोपाऱ्याची ही कथा, तर जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी बांधवांची काय असेल?

महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्याची जनआरोग्य योजना आहे. तिचा अनेकांना आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. पण तिचा भर दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारावर आहे. आजाराला नाव मिळण्याआधीची जी वणवण असते, त्या वणवणीला कार्ड नसते. आणि गरीब माणूस मरतो तो बहुतेक वेळा त्या वणवणीतच.

काही जण म्हणतील, दुर्बिणीचे यंत्र महाग, तज्ज्ञ डॉक्टर इकडे येत नाहीत, महापालिकेला परवडत नाही. हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात दुर्बीण ठेवा अशी मागणी कुणी शहाणा माणूस करणार नाही. पण जिथे बॅटरी पुरते तिथे बॅटरी, जिथे सिरका पुरतो तिथे सिरका, आणि लाखोंच्या शहरात सार्वजनिक रुग्णालयात ठरलेल्या वारी चालणारी दुर्बिणीची एक खोली, एवढे मागणे अवास्तव कसे? जगात कुठेही पायरी अशीच असते. आपल्याकडे खालची पायरीच बांधायची नाही आणि वरची उंच आहे म्हणून रडायचे!

आणि ही खोली मागताना तिथे काम करणाऱ्याला विसरू नका. एका रुग्णाच्या पोटातून निघालेली दुर्बीण दुसऱ्याच्या पोटात जाण्यापूर्वी हाताने ब्रश घालून घासावी लागते, जंतुनाशकात बुडवावी लागते, धुवून वाळवावी लागते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्लुटारल्डिहाइडसारख्या द्रावणाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, दमा जडू शकतो. हे घासण्याचे काम कुणाच्या वाट्याला येते, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या शरीरातली घाण काढणारा हात आपला, आणि स्वतःच्या शरीरात उजेड पडायची वेळ आली की रांगेत शेवटी आपणच! म्हणून खोली हवी, तशीच हवा खेळती हवी, हातमोजे हवेत, प्रशिक्षण हवे आणि कंत्राटाऐवजी कायम नोकरी हवी. नाहीतर एका कामगाराचा आजार शोधताना दुसऱ्याला आजारी पाडण्याचा तो उद्योग होईल.

मग करायचे काय? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारातून, मंडळातून, महिला बचत गटातून एकेक अर्ज जाऊ द्या. चार प्रश्न पुरेत. आमच्या प्रभागात ३० वर्षांवरील किती जणांचे तोंड गेल्या वर्षी तपासले? किती बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी झाली? सार्वजनिक रुग्णालयांत दुर्बिणी किती, त्यातल्या चालू किती, आणि आठवड्यातून किती दिवस त्या वापरल्या जातात? संशयित म्हणून पुढे पाठवलेल्या रुग्णांपैकी किती जण खरोखर पोहोचले? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. चिठ्ठी लिहून देणे म्हणजे उपचार नव्हे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रोग्यांना चिठ्ठ्या दिल्या नाहीत, त्यांना डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यापर्यंत नेऊन पोहोचवले, आणि त्यातच आपला प्राण दिला. हा वारसा सांगणाऱ्या समाजाने वस्तीतला एक तरुण, एक तरुणी रुग्णाबरोबर दुसऱ्या खेपेला जाईल एवढी व्यवस्था करणे अवघड आहे काय?

ही भीक नाही. १९९६ साली पश्चिम बंग खेतमजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वेळेवर उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते न देणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाचा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो खटला रेल्वेतून पडलेल्या आणि एका इस्पितळातून दुसऱ्यात टोलवल्या गेलेल्या गरीब माणसाचा होता. पैसे नाहीत ही सबब शासनाला सांगता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. विरारच्या प्रवाशाला हा खटला वेगळा समजावून सांगायला नको.

ज्या सोपाऱ्याच्या मातीत आज या चाळी उभ्या आहेत, तिथेच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच शिलालेखमालेतील दुसऱ्या लेखात अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे, आणि जिथे वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्याचे कोरून ठेवले आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी राजाला जे कर्तव्य वाटले, ते आजच्या लोकशाहीतल्या महापालिकेला का वाटू नये? जिथे नाही तिथे आणून लावा, एवढेच आपले मागणे आहे. अर्ज लिहायला घ्या. आणि तोवर, घरात जो कुणी तंबाखू खातो, त्याला आज रात्रीच 'आ' करायला सांगा आणि बॅटरी मारून बघा. काही वावगे दिसले तर दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात जा. एकटे पाठवू नका.