कामगार खुळा नव्हता

'कामगाराला भुलवलं', 'त्याच्या डोळ्यांवर अस्मितेची झापडं बांधली', 'धर्माची अफू पाजली'. आपल्या शिबिरांत आणि चर्चासत्रांत ही वाक्यं इतक्या वेळा ऐकली आहेत की कान किटले. निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुरोगामी मित्र सुस्कारा टाकून म्हणतोच, "हे लोक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात." हे लोक म्हणजे कोण? गिरणीतला बदली कामगार, गोदीतला हमाल, रिक्षावाला, कंत्राटी सफाई कामगार. ज्यांच्या नावाने आपण घोषणा देतो, तेच. ज्याच्यासाठी लढतो म्हणायचं त्यालाच अक्कल नाही असं मानायचं, हा कुठला समतावाद?

लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागात बायकांच्या गटांबरोबर मी पंचवीसेक वर्षं काम केलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. कामगार लोकानुनयी पुढाऱ्याकडे गेला तो खुळा म्हणून गेला नाही. हिशोब करून गेला. तो हिशोब अपुरा होता, त्याची वसुली शेवटी त्याच्याच घरातून झाली, हे खरं. पण हिशोब होता. तो समजून न घेता त्याला 'परत' बोलावण्याच्या बाता करू नयेत. आणि त्या हिशोबात बाईचा खर्च कुठल्या खात्यावर मांडला, हे आपण विचारणार नाही तर कोण विचारणार?

आधी थोडा इतिहास, कारण नव्या कार्यकर्त्या मैत्रिणींना गिरणगाव म्हणजे मॉल आणि टॉवर एवढंच दिसतं. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली. मराठी माणसाच्या नोकऱ्या दाक्षिणात्यांनी बळकावल्या, हे तिचं पहिलं सांगणं. १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. १९६८ मध्ये सेनेची स्वतःची भारतीय कामगार सेना निघाली. ५ जून १९७० च्या रात्री कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागला खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. नवऱ्याचं रक्त वाळलं नव्हतं, मतदारसंघ लाल बावट्याचा बालेकिल्ला, आणि तरी त्या पडल्या. वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार म्हणून.

तेव्हापासून आपण विचारत आलो, कामगार इतका कसा बदलला? पण पुढचं पान कुणी उलटत नाही. १९८१ च्या नोव्हेंबरात सेनेने गिरण्यांत एक दिवसाचा संप केला, बेमुदत संपाची भाषा केली आणि मग पाय मागे घेतला. कामगारांनी काय केलं? ते उठले आणि डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना याच भागाने डॉक्टरांना लोकसभेत पाठवलं. आणि १९८५ मध्ये मुंबई महापालिका सेनेच्या हातात दिली. झापडं बांधलेला माणूस अशी निवड करतो का? गिरणीच्या फाटकावर डॉक्टर आणि चाळीच्या नाक्यावर शाखा, अशी त्याने वाटणी केली होती. पगारासाठी एक नेता, नळासाठी दुसरा.

शाखेत काय मिळत होतं ते नीट आठवा. मुलाला शाळेत प्रवेश. रेशनकार्डावर सुनेचं नाव. रात्री दोनला रुग्णवाहिका. तुंबलेलं गटार. चाळमालकाला दम. गणपतीची वर्गणी आणि मयताला चार खांदे. फळ्यावर रोजची बातमी. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, संध्याकाळी सातनंतर तिथे माणूस भेटायचा, ओळखीचा, आपल्याच बोलीत बोलणारा. गिरणीत जॉबरच्या शिव्या खाऊन आलेल्या माणसाला तिथे कुणी 'या मामा, बसा' म्हणायचं. या 'बसा' ची किंमत ज्यांना सगळीकडे खुर्ची मिळते त्यांना कळत नाही.

आता दुसरी बाजू. कामगार संघटना कुठे संपायची? गिरणीच्या फाटकावर. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच प्रातिनिधिक संघटनेला दिला होता. ती संघटना कामगारांना नकोशी झाली तरी मालक बोलणार तिच्याशीच. म्हणजे कायदेशीर दार बंद. आणि बाकीच्या लढाऊ संघटनांच्या लेखी कामगार म्हणजे साच्यावरचे दोन हात. ते हात ज्या भाकरीवर चालत, ती भाकरी कुणी थापली, हा प्रश्न 'घरगुती'.

मुळात गिरणी पुरुषांचीच, हा समजही खोटा. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचातली जवळपास एक कामगार बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही तर बायकांचीच खाती. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या पुढारी त्यांच्यातून आणि त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या. मग १९२९ चा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला आणि मालकांना बाई महाग वाटू लागली. रात्रपाळीला बाईला बंदी होतीच. सुधारित यंत्रं आली तेव्हा पहिली कुऱ्हाड बायकांच्या खात्यांवर पडली. मार्गावर आलेल्या बायकांसाठी किती बेमुदत संप झाले? 'घरातल्या कर्त्याला पुरेसा पगार मिळाला म्हणजे झालं', ही भाषा मालकांची होती तशी आपल्या लाल बावट्याचीही होती. १९८२ येईपर्यंत गिरणीत बाई औषधापुरती उरली होती. ती चाळीत होती. डबे करत होती, खाणावळ चालवत होती, गावाहून आलेले दहा-पंधरा गडी जेवू घालत होती, आणि कुठल्याही संघटनेच्या वहीत तिचं नाव नव्हतं.

जिथे चळवळ चुलीपर्यंत आली तिथे काय झालं तेही पाहा. १९७२ पासून अहिल्याताई रांगणेकर, मृणालताई गोरे यांनी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती चालवली. थाळ्या-लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कधी पक्ष न पाहिलेल्या बायका बँकेत गेल्या, सही करू लागल्या. पण आणीबाणीनंतर ती संयुक्त ताकद पुन्हा तशी जमली नाही. नाक्यावरची जागा रिकामी राहिली, आणि रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नसते.

संप लांबला, तेव्हा घर कुणी ओढलं? मंगळसूत्र मारवाड्याकडे गेलं. बाई दादर-शिवाजी पार्कला धुणीभांडी करायला निघाली. पापड लाटले, भाजीची पाटी उचलली. नवरा एकतर गावी गेला, नाहीतर नाक्यावर बसला. ज्याची सगळी इभ्रत पगाराच्या पाकिटात होती, ते पाकीट गेलं आणि बायकोच्या कमाईवर जेवायची वेळ आली. या माणसाशी कुणी बोललं? संघटनेकडे त्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण गिरणीच उरली नव्हती. त्याच्या मुलाला तर कामगार हा शब्दच लागू पडत नव्हता. त्या बापलेकांना व्यासपीठावरून कुणीतरी सांगितलं, तू बेकार नाहीस, तू मावळा आहेस. तुझं कुणीतरी चोरलं आहे. आणि चोर दूरच्या बंगल्यात नाही, पलीकडच्या गल्लीत आहे.

इथे माझं सहानुभूतीचं बोट सुटतं. कारण या नव्या मर्दानगीचं बिल कुणी भरलं ते मला माहीत आहे. १९९२ च्या डिसेंबरात आणि ९३ च्या जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये जबाबदारी कुणाकुणाची ते स्पष्ट लिहिलं, आणि तो अहवाल सरकारने बाजूला सारला. त्या दंगलीत बायकाही होत्या, पोलिसांच्या गाड्या अडवायला रस्त्यावर बसलेल्या. 'बायका घराबाहेर पडल्या म्हणजे मुक्त झाल्या' असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. घराबाहेर पडणं आणि कुणाच्या तरी कामासाठी बाहेर काढलं जाणं, यात फरक आहे.

आणि तरी त्या बायका का गेल्या, हेही विचारलंच पाहिजे. मार खाल्लेली बाई माझ्याकडे यायची. मी तिला १९८३ मध्ये आलेल्या ४९८अ कलमाबद्दल सांगायची. आम्ही ठाण्यात जायचो, तिथे तासन् तास बसायचो, 'घरचं भांडण घरात मिटवा' ऐकून परत यायचो. अशीच एक बाई एकदा स्थानिक पक्षकार्यालयात गेली. पक्ष कुठला ते महत्त्वाचं नाही. तिथल्या चार बायका संध्याकाळी तिच्या घरी गेल्या, चाळीदेखत नवऱ्याच्या कानाखाली वाजवली. महिनाभर तो शुद्धीत घरी येत होता. ती मला म्हणाली, "ताई, तुमचा कायदा चांगलाय, पण तो रात्री घरी येत नाही."

याला उत्तर आहे, आणि ते मी तिला दिलं. त्या बायका आल्या ही त्यांची मर्जी. नवरा उद्या त्यांच्याच पक्षाचा कार्यकर्ता झाला तर येतील? शेजारच्या खोलीतल्या मुसलमान बाईसाठी येतील? बाईने जातीबाहेर लग्न केलं तर कुणाच्या कानाखाली वाजवतील? मर्जी आणि हक्क यातला फरक हा आहे. मर्जीसाठी दर वेळी पुन्हा पदर पसरावा लागतो. पण हे उत्तर तिच्या पाठीवरच्या वळांना पुरेसं नव्हतं, हेही मला दिसत होतं.

मर्जीच्या राजकारणाने पुरुष कामगाराला तरी शेवटी काय दिलं? १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं, एका रुपयात झुणका-भाकर आली. जमीन? १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन भाग होणार होते, शहराच्या मोकळ्या जागेला, परवडणाऱ्या घरांना आणि मालकाला. २००१ मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारने नियम बदलून फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीला तो लागू केला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. दादरच्या शिवसेना भवनासमोरची कोहिनूर गिरणी २००५ मध्ये ४२१ कोटींना विकली गेली. घेणाऱ्यांमध्ये सेनेचे माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे चिरंजीव आणि तेव्हा सेनेतच असलेले राज ठाकरे भागीदार होते. मावळ्यांच्या वाट्याला काय आलं? घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली तेव्हा अर्ज लाखाच्या वर होते आणि घरं सात हजारांच्या आत. २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा आझाद मैदानावर बसल्या होत्या, शेलू-वांगणीला नको, मुंबईतच घर द्या म्हणून.

आज हाच खेळ आपल्या अंगणात आला आहे. २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर 'लाडकी बहीण' योजना आली, महिन्याला १५०० रुपये. त्या पैशांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. दोन-तीन घरची भांडी घासणाऱ्या बाईला १५०० म्हणजे गॅसचं सिलिंडर आणि पोराची फी. तिने ते घ्यावेत, आणि मत कुणाला द्यायचं ते तिने ठरवावं. माझा प्रश्न नावाचा आहे. याच राज्यात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात ती कामगार आहे. त्या मंडळाने तिला पेन्शन दिली? आजारपणाची रजा दिली? कामगार म्हणून जे मागितलं ते मिळालं नाही, बहीण म्हणून न मागता मिळालं. भावाने दिलेली ओवाळणी आहे ती. ओवाळणीची रक्कम भाऊ ठरवतो, आणि रुसला तर देत नाही. मावळा काय, लाडकी बहीण काय, नातं लावलं की हक्काची गोष्ट बोलायची सोय उरत नाही.

कुणी म्हणेल, ही बाई पक्षांची तरफदारी करते आहे. मी एवढंच म्हणते की ज्या चळवळीने कामगाराला फाटकाबाहेर ओळखलं नाही आणि बाईला कामगार म्हणून मोजलंच नाही, तिला या दोघांना खुळं म्हणायचा अधिकार नाही.

मग करायचं काय? तीन गोष्टी सुचवते. एक, प्रत्येक गटाने वस्तीत एक ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ ठेवावी, संध्याकाळी सातनंतरची, कारण कष्टकरी बाई त्याच वेळी मोकळी असते. रेशनकार्ड, दाखले, दवाखाना ही कामं 'समाजकार्य' म्हणून हलकी समजू नयेत. फक्त ती करताना प्रत्येक बाईला सांगावं की हे उपकार नाहीत, अर्ज कसा करायचा ते शिकून घे, पुढच्या वेळी दुसरीला घेऊन तू जा. दोन, घरेलू कामगार, डबेवाली, घरी बसून माल करणारी, या सगळ्यांची कामगार म्हणून नोंदणी हीच आपली पहिली मागणी असावी. १५०० रुपये मिळतात त्या बाईला घेऊनच ही मागणी करावी, तिला खाली बघायला लावून नाही. तीन, बेकार नवऱ्यांशी आणि पोरांशी बोलावं. त्यांची मर्दानगी कुरवाळू नये, त्यांना हसूही नये. त्यांचं जे चोरीला गेलं ते खरंच चोरीला गेलं आहे. चोराचा पत्ता तेवढा चुकीचा सांगितला गेला.

हे सगळ्यांना पटेल असं नाही. ज्या मैत्रिणींना पटत नसेल त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावं. फक्त लिहिण्याआधी आपल्या वस्तीतल्या पक्षकार्यालयात एक संध्याकाळ बसून यावं, तिथे कोण येतं, काय मागतं आणि आपल्याकडे ते का मागत नाही, एवढं पाहून.