झडप



हृदयाची झडप दिवसाला लाखभर वेळा उघडते आणि मिटते. वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. हजेरी नाही, ओव्हरटाईम नाही, रविवार नाही. गोदीत पाठीवर गोण्या वाहताना हे मला ठाऊक नव्हतं. बहिणीची झडप बिघडली तेव्हा कळलं.

कन्हानच्या खोलीत आम्ही सात जण झोपायचो. एकाला खोकला झाला की साऱ्यांना. दहाव्या वर्षी तिचा घसा धरला, मग ताप, मग सांधे सुजले. दवाखान्यात गोळ्या दिल्या. म्हणे, "वाढीचं दुखणं आहे, जाईल." कसलं वाढीचं! तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंवर सोडलेली शरीराची फौज आपल्याच हृदयाच्या झडपा कुरतडते. डॉक्टरी पुस्तकं सांगतात, हा दाटीचा आणि गरिबीचा रोग. पुस्तकं जात लिहीत नाहीत. दाटी कोणाच्या वस्तीत असते, ते आपण लिहू.

मी विज्ञानाला शिव्या द्यायला बसलो नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून देशी झडप केली. आधीचे नमुने फसले, चौथा टिकला. कोबाल्ट-क्रोमची चौकट, चिवट पॉलिथिलीनची कलणारी चकती, शिवायला पॉलिएस्टरचं कडं. आधी मेंढ्यांत बसवून पाहिली. माणसाच्या छातीत पहिली बसली 6 डिसेंबर 1990 ला. तारीख वाचा. आपली माणसं चैत्यभूमीवर रांगेत होती, आणि तिकडं एक माणूस मरणाच्या रांगेतून बाहेर निघाला. पुढं लाखावर झडपा बसल्या, विदेशी झडपेहून स्वस्तात. माझा सलाम.

पण पुढारी इथंच टाळ्या घेऊन गाडीत बसतात. खरी गोष्ट इथून सुरू होते.

धातू रक्ताला परका. परकं शिवलं की रक्त गोठतं. रक्तालाही विटाळ कळतो म्हणा! म्हणून जन्मभर वॉर्फरिनची गोळी. कमी पडली तर गुठळी झडप अडवते. जास्त झाली तर मेंदूत रक्तस्राव. मधली वाट दाखवते फक्त रक्ताची तपासणी, आयएनआर. पालेभाजी एकदम वाढली तरी आकडा हलतो. दिवस गेले तर तीच गोळी पोटातल्या बाळाला बाधते. हे सारं माझ्या बहिणीला कोणी नीट बसवून सांगितलं? सुटीच्या कागदावर इंग्रजीत होतं. मॅट्रिक झालेल्या भावानं शब्दकोश घेऊन वाचलं. तपासणीला ती नागपूरला जाते. त्या दिवसाची मजुरी गेली, भाडं गेलं. मग एक महिना चुकवते. चुकवणाऱ्याला डॉक्टर "बेजबाबदार" म्हणतात. बाई, जबाबदार राहायला बी पैसे लागतात!

आणि आपले काही विद्वान दोस्त मला म्हणाले, "काहून बे, हा काय चळवळीचा विषय आहे?" तर ऐका. घसा वेळेवर तपासला, पेनिसिलिन दिलं, तर हा ताप बहुतेक वेळा टळतो. एकदा येऊन गेला तरी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं तर पुन्हा उलटायचा धोका खूप कमी होतो, झडप वाचू शकते. जुनं, साधं औषध. छाती फाडायच्या खर्चापुढं चिल्लर. ती चिल्लर वस्तीपर्यंत पोचत नाही, आणि तुम्ही विचारता विषय कोणता?

घटनेचं कलम 47 सांगतं, सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य. कोर्टात त्यावर दाद मागता येत नाही, म्हणून रस्त्यावर मागायची. शाळेत पोरांचे घसे तपासा. दवाखान्यात पेनिसिलिन ठेवा, त्यासंग ते द्यायला शिकलेला माणूस ठेवा. आयएनआरची तपासणी वस्तीत आणा, फुकट. कागद मराठीत द्या.

रात्री कन्हानला सारं निजलं की बहिणीच्या छातीतली झडप ऐकू येते. टिक. टिक. घड्याळ नाही ते. कर्ज आहे, आणि वसुली करणारे आपण आहोत.

जय भीम.